निळटिळ्यांचे बेट

फार मागे, शूर्पारक नगरात राजा विजितसेन गादीवर होता त्या काळी, बोधिसत्त्व दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर पोपटाच्या कुळात जन्माला आला. शूर्पारकाच्या बंदरातून गलबत निघाले आणि वाऱ्याने साथ दिली, तर नवव्या दिवशी हे बेट दिसे. ते धुपाच्या उंच झाडांनी भरलेले होते, म्हणून खलाशी त्याला धूपद्वीप म्हणत.

तिथले पोपट जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. पाठ हिरवी, छाती तांबूस, शेपटीच्या टोकाला पिवळी रेघ आणि कपाळावर गंध लावावे तसा निळा ठिपका. बेटावरची माणसे त्यांना निळटिळे म्हणत. हे पक्षी मुळातच थोडे. म्हाताऱ्या धुपाच्या पोटात ढोली पडते, त्या ढोलीतच ते घर करत. मादी वर्षाला दोन अंडी घाली, आणि दोहोंतले एक पिल्लू जगले तरी आईबाप स्वतःला भाग्यवान समजत. झाडाला ढोली पडायला माणसाच्या चार पिढ्या जातात. त्यामुळे घरे मोजकी आणि घरांएवढीच जोडपी.

बोधिसत्त्व त्यांचा मुखिया होता. त्याचे वय झाले होते, डाव्या पायाचे एक नख तुटलेले होते, पण बोलणे इतके स्वच्छ आणि न्यायाचे की बेटावरची माणसेसुद्धा आपली भांडणे त्याच्यापुढे नेत. लहानथोर सगळे त्याला आजा म्हणत.

माणसांची घरे साठ होती. जमीन खडकाळ असल्याने शेती नावापुरती. सगळे पोट समुद्रावर, आणि समुद्रावर जायचे तर होडी हवी. धुपाचे एक अखंड खोड आतून कोरून ही होडी करत. हे काम सालक सुतार करी. त्याच्या हातची होडी वादळात कलंडत नाही असे म्हणत. पण सालकाची खरी ख्याती होती त्याच्या कानाची. झाड तोडण्याआधी तो कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने खोडावर तीन ठोके मारी आणि कान लावून ऐके. झाड भरीव बोलले तर त्याची क्षमा मागून घाव घाली. पोकळ बोलले तर शिंपल्यांच्या चुन्यात हात बुडवून खोडावर पंजा उठवी आणि म्हणे, "इथे बिऱ्हाड आहे." मग पुढच्या झाडाकडे जाई.

सालकाचा बाप हेच करी, बापाचा बापही. यात मोठा धर्म होता असे नाही. पोकळ खोड होडीला निकामी, तेव्हा तेच झाड पुन्हा ठोकून बघण्याचे कष्ट वाचावेत म्हणून कोणा पूर्वजाने खूण करायला सुरुवात केली असेल. पण चार पिढ्या चालले की सोयीचेही व्रत होते. पंजा असलेल्या झाडाला बेटावर कोणी हात लावत नसे, आणि दरवर्षी पाऊस सरला की सालक जुने पंजे नव्या चुन्याने उजळून येई. त्या झाडांवर पिल्ले ओरडताना ऐकली की त्याची छाती उगीचच फुगे. जणू ती घरे त्यानेच बांधून दिली होती.

बेटाला एकच उणीव होती, लोखंडाची. कुऱ्हाडी शूर्पारकाच्या गलबतातून येत. वाळलेले मासे आणि धुपाची राळ देऊन त्या घ्याव्या लागत. चार वर्षे झाली, गलबत फिरकले नव्हते. साठ घरांत मिळून तीन कुऱ्हाडी उरल्या होत्या आणि त्या घासून घासून तळहाताएवढ्या झाल्या होत्या. दोन वर्षांत एकही नवी होडी झाली नव्हती. माणसे जुन्या गळक्या होड्या राळेने बुजवून समुद्रावर नेत. सालकाची बायको सुवेणी हिचा धाकटा भाऊ अशाच एका होडीतून गेला तो परतला नव्हता.

अशात एक दिवस मोडकी डोलकाठी घेऊन एक गलबत किनाऱ्याला लागले. गलबत होते सोणदत्त नावाच्या व्यापाऱ्याचे. सोणदत्ताला नवी डोलकाठी हवी होती. त्याने पुढे येऊन सालकाच्या हातात दोन नव्याकोऱ्या कुऱ्हाडी ठेवल्या. सालकाने त्यांच्या पात्यांवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या संध्याकाळी त्याने पाहुण्याला घरी जेवायला बोलावले.

सालकाच्या कानाला तोड नव्हती; पण तोंडाला दारही नव्हते. सोणदत्ताने जेवता जेवता त्याच्या कानाची स्तुती केली, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले, आणि सालक चढत गेला. ठोक्यावरून झाडाच्या पोटातले कसे कळते ते त्याने सांगितले. आपला ठोका आजवर एकदाही चुकला नाही, हे सांगितले. वाढताना सुवेणीने दोनदा डोळ्यांनी खुणावले, पण गडी रंगात आला होता.

"रानात जा शेठ," तो म्हणाला, "आणि माझा पंजा शोधा. पंजा असेल तिथं निळटिळ्याचं घर असणारच. नसेल तर कान कापून देईन."

सोणदत्ताने भाताचा शेवटचा घास घेतला आणि सुतारदादांचा हात म्हणजे राजमुद्राच, असे म्हणून तो उठला.

पुढचे तीन दिवस सालक किनाऱ्यावर डोलकाठी तासत होता. सोणदत्ताची माणसे सकाळी रानात जात. सरपण आणायला जातो म्हणत. रानातून घाव ऐकू येत, पण नव्या कुऱ्हाडीच्या नादात सालकाला स्वतःच्या घावांपलीकडे काही ऐकू येत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळात एकदम कल्लोळ झाला. सगळे निळटिळे किनाऱ्यावर घिरट्या घालत ओरडत होते. त्यांतून आजा खाली उतरला आणि वाळूत आडव्या पडलेल्या डोलकाठीवर बसला.

"सालका," तो म्हणाला, "तुझ्या पंजांची झाडं पाडली."

सालक कुऱ्हाड टाकून धावला. रानात अकरा धूप आडवे पडले होते. प्रत्येकाच्या खोडावर त्याचा पंजा होता, गेल्याच महिन्यात उजळलेला, पांढराशुभ्र. कोणाला शोधावे लागले नव्हते, कोणाला विचारावे लागले नव्हते. एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत चालत जायचे एवढेच काम होते. झाडावर चढायचे कष्ट नकोत म्हणून झाडच पाडले होते. एकोणीस पिल्ले होती. अकरा पडतानाच मेली. उरलेली आठ टोपल्यांत घालून गलबतावर नेली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण सालकाने हजारदा ऐकली होती, हसत हसत इतरांना लावलीही होती. त्या दिवशी तो एका आडव्या खोडाशी बसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

सोणदत्ताला यात लाजण्यासारखे काही वाटले नाही. तो क्रूर नव्हता; त्याला फक्त स्वतःचे काम दिसत होते. त्याने समजावून सांगितले की राजा विजितसेनाने शंभर खांबांचा नवा सभामंडप बांधला आहे, आणि प्रत्येक खांबावर दुसऱ्या कोणा राजाकडे नाही असा पक्षी बसवायचा त्याचा बेत आहे. सध्या वानगीदाखल ही आठ नेतो. राजाच्या मनास आली की बाकीच्यांसाठी दहा गलबते घेऊन येतो. मग त्याने सालकापुढे एक जड पोते ठेवले. त्यात आठ कुऱ्हाडी होत्या.

"खुणा तुझ्या," सोणदत्त म्हणाला, "तेव्हा हा वाटाही तुझा."

गाव गोळा झाला होता, पण गलबतावर धनुष्ये होती आणि गावाकडे मासे मारायचे भाले. कोणी पुढे झाले नाही. सालकाने पोत्याला हात लावला नाही आणि ते लाथाडलेही नाही, कारण त्यात आठ होड्या होत्या हे त्याला दिसत होते. एवढ्यात आजा उडत येऊन सोणदत्तासमोर गलबताच्या कठड्यावर बसला. धनुष्ये वर झाली. आजाने तिकडे पाहिलेही नाही.

तो शांतपणे बोलला. निळटिळ्याचे पिल्लू माणसाच्या हातचे खात नाही, त्याला आईच्या चोचीतलेच लागते. नऊ दिवसांच्या प्रवासात आठांतले एकही जगणार नाही, हे त्याने सांगितले. मेलेली पिसे राजापुढे ठेवून व्यापाऱ्याला काय मिळणार, ते त्याने व्यापाऱ्यालाच ठरवू दिले.

"त्यापेक्षा मला ने," आजा म्हणाला. "मी जगेन आणि दरबारात माणसासारखा बोलेन. वचन देतो. पिल्लं आधी खाली उतरव. आणि हा सुतार बरोबर घे. मी त्याच्याच हातचं खाईन."

सोणदत्ताने मनाशी विचार केला. बोलणारा एक पक्षी मुक्या आठांपेक्षा मोलाचा, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. टोपल्या खाली आल्या.

गलबत दुसऱ्या सकाळी निघणार होते. अंधार पडेपर्यंत सालकाने काय काम केले ते गाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. सोणदत्ताने दिलेल्या नव्या कुऱ्हाडीने त्याने आडव्या खोडांतले ढोलीचे भाग हात-हात लांबीचे कापून काढले, तळाला लाकडाची चकती ठोकली, तोंड नीट केले, आणि गावातल्या माणसांनी ती घरे वेलांच्या दोरांनी उभ्या झाडांवर उंच बांधली. होडी कोरणारा हात ढोली कोरायला कचरत नाही. आठही पिल्ले त्यांत ठेवली. आया बराच वेळ दूर बसून राहिल्या. मग एक आली, मग दुसरी.

निघताना सालकाने सुवेणीला दोन गोष्टी सांगितल्या. सोणदत्ताचे पोते आहे तसे परत गलबतावर चढव, ही पहिली. दुसरी, उरलेल्या झाडांवरचे सगळे पंजे खरवडून काढ.

"पुसले तर पुढं ओळखायचं कसं?" सुवेणीने विचारले.

"माझा कान आहे."

"कान आहे खरा," ती म्हणाली. "आता तोंडाचंही बघा जरा." पण बोलताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तेवढा आधार त्याला नऊ दिवस पुरला.

आजाच्या पायाला सुताची दोरी बांधून तिचे टोक सालकाच्या हातात दिले होते. पहिल्या दिवशी, बेट अजून मागे हिरवे दिसत असताना, सालकाने इकडे तिकडे बघून गाठ सोडली.

"जा आजा," तो पुटपुटला. "अजून जवळ आहे. माझं काय व्हायचं ते होईल."

आजाने मोकळा पाय उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"मी गेलो तर हा माणूस गलबत वळवेल," तो म्हणाला. "आणि पुढं कधी कुणी पाखराचा शब्द धरणार नाही. वचन दिलं तेव्हा मी मोकळाच होतो, सालका. दोरी नंतर आली. बांध ती."

सालकाने दोरी बांधली. बांधताना त्याने विचारले की मला कशाला बरोबर घेतलेस, तुला खायला तर कोणीही घातले असते. आजाने फक्त सालकाच्या बोटांतले उंबर घेतले आणि तो ते खात बसला. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या तांडेलाने मात्र हे सगळे पाहिले होते.

नवव्या दिवशी शूर्पारक आले. दरबार भरला होता. शंभर खांब ताज्या रंगाने चमकत होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पक्ष्यासाठी पितळेची आडवी दांडी बसवलेली होती. राजा विजितसेन देखणा होता, शूर होता, आणि आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याजवळ नसावे एवढीच त्याला खोड होती. आजाने वचनाप्रमाणे राजाला नमस्कार केला, त्याची आणि राज्याची खुशाली विचारली. सभेत वाहवा झाली. राजा इतका खूश झाला की सोन्याचे कडे काढून त्याने सोणदत्ताच्या हातात घातले आणि उरलेले नव्याण्णव केव्हा येणार ते विचारले.

सोणदत्ताने हात जोडले. तो म्हणाला की बेटावरची झाडे सारखीच दिसतात, खुणा होत्या त्या पुसायला हा निघताना सांगून आला आहे, आता कोणत्या झाडात घर आहे हे या एका सुतारालाच ठाऊक. ठोका मारून याला कळते. बेटावर लोखंड नाही, तेव्हा महाराजांनी त्या बाजूने बोलावे, असेही त्याने हळूच सुचवले.

राजाने सालकाला पुढे बोलावले. त्याच्यासमोर पन्नास कुऱ्हाडी आणून मांडल्या गेल्या. लोहाराची ऐरण आली, हातोडे आले, भाता आला. ऐरण वापरणारा लोहारही कुटुंबासकट बेटावर वसवून देतो, राजा म्हणाला. बदल्यात सुताराने फक्त झाडे ठोकायची आणि बोट दाखवायचे.

सालक त्या पात्यांकडे बघत उभा राहिला. पन्नास कुऱ्हाडी म्हणजे दरवर्षी पाच-सहा होड्या. संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून किती होड्या परतल्या त्याची मोजणी करणे बंद. सुवेणीचा भाऊ तर गेलाच. पण त्याच्या मागे दोन पोरे होती आणि ती दोन वर्षांत समुद्रावर जाण्याएवढी होणार होती. सालकाने आजाकडे पाहिले. आजाने सांगितले असते तर फार सोपे झाले असते. पण आजा गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यात कसलाही धाक नव्हता. आपल्याला बरोबर का आणले ते सालकाला तेव्हा उमगले. ज्या तोंडाने घर दाखवले होते, त्या तोंडाला आणखी एक संधी मिळाली होती.

राजाला वाटले, हा माणूस बुजला. त्याने मऊ आवाजात विचारले, "सुतारा, व्यापारी म्हणतो ते खरं ना? तुला झाडातलं ऐकू येतं?"

"ऐकू येतं, महाराज," सालक म्हणाला. "म्हणूनच दाखवणार नाही."

राजाला नकार ऐकायची सवय नव्हती. त्याचा चेहरा लाल झाला, आणि जो कान राजाच्या कामाचा नाही तो कापून टाकलेला बरा, असे तो गरजला.

सालकाची मान ताठ होती.

"कापा, महाराज," तो म्हणाला. "मग ती झाडं कायमची वाचली. माझ्याखेरीज ती कुणाला ऐकू येत नाहीत."

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटले आणि लगेच दाबले गेले. राजाला पेच कळला. कापावा तर हातचे जाते, न कापावा तर शब्द जातो. रागाने तो पोपटाकडे वळला. तू मुखिया, तुला सगळी घरे माहीत, तू सांग, असे त्याने फर्मावले.

आजा सालकाच्या खांद्यावर चढून बसला.

"महाराज, बोलायचं वचन दिलंय, म्हणून खरं तेच बोलतो," तो म्हणाला. "आम्ही आता बहात्तर आहोत. साऱ्या पृथ्वीवर मिळून बहात्तर. तुमचे खांब शंभर आहेत. आम्हा सगळ्यांना आणलंत तरी अठ्ठावीस खांब रिकामे राहतील, आणि दहा वर्षांत बाकीचेही रिकामे होतील. कारण पिंजऱ्यात आम्हाला पिल्लं होत नाहीत."

राजा ऐकत होता.

"दुसऱ्या राजांकडे नाही असं काही तुम्हाला हवंय. सोनं सगळ्यांकडे आहे. पाखरं धरणारी माणसंही सगळ्यांकडे आहेत. पण आत्ता या मंडपात काय झालं ते पाहिलंत ना? तुमच्या राज्याच्या पार टोकावरचा माणूस. याच्या घरी धड कुऱ्हाड नाही. तुम्ही याच्यापुढं पन्नास मांडल्या, कान कापायचं म्हणालात, आणि हा आपल्या बेटावरच्या पाखरांसाठी उभा राहिला. अशी प्रजा कुठल्या राजाकडे आहे? अभिमान धरायचाच, तर महाराज, याचा धरा."

एवढ्यात गर्दीतून तो म्हातारा तांडेल पुढे आला. बोलावल्याशिवाय दरबारात बोलण्याचा गुन्हा कबूल करून त्याने पाहिलेले सांगितले: बेट डोळ्यांसमोर असताना दोरी सुटली होती, आणि हा पक्षी उडाला नाही. वचन दिले आहे, म्हणाला.

विजितसेन सिंहासनावरून उतरला. गर्विष्ठ माणसाला एक बरे असते. त्याला थोर काय ते ओळखता येते, फक्त आजवर त्याने चुकीच्या जागी पाहिलेले असते. त्याने आपल्या हाताने आजाच्या पायाची दोरी सोडली. मग सालकासमोर उभे राहून, सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हा माझ्या राज्यातला माणूस आहे."

एवढेच वाक्य. पण सालकाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

त्याच दिवशी दवंडी फिरली की धूपद्वीपाच्या निळटिळ्याला जो धरील, विकील किंवा त्याचे झाड पाडील, त्याचे गलबत राजा जप्त करील. कुऱ्हाडी राजाने कसलीही अट न घालता देऊ केल्या. सालकाने आजाकडे पाहिले. दान आहे, घे, असे आजा म्हणाला. सालकाने वीसच उचलल्या. साठ घरांना वीस पुरेत, जास्त नेल्या तर रान पुरणार नाही, असे त्याने सांगितले तेव्हा राजा मोठ्याने हसला. लोहाराचे कुटुंब मात्र स्वखुशीने बरोबर निघाले. या सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने बेटावर पोचवण्याची आज्ञा सोणदत्ताला झाली. सोन्याचे कडे हातात ठेवायला मात्र राजाने त्याला परवानगी दिली, आणि ते कडे त्याला जन्मभर जड झाले.

बेट दिसताच आजा उडाला. रानातून निळटिळे सामोरे आले आणि गलबताभोवती हिरवा-तांबडा गलका झाला. किनाऱ्यावर सुवेणी उभी होती. तिने सालकाचे दोन्ही कान जागेवर आहेत का ते आधी पाहिले आणि मग आठांतली सात पिल्ले जगल्याचे सांगितले. पुढे सालकाने होड्या केल्या तितक्याच ढोल्याही कोरल्या. गावाला त्या पाखरांचा इतका अभिमान वाटू लागला की दूरचा पाहुणा आला की लोक त्याला किनाऱ्यावर बसवून उडणारे थवे दाखवत; रानात मात्र नेत नसत. आणि शूर्पारकात परदेशचे राजे विजितसेनाच्या मंडपात येऊन विचारत की खांबांवरच्या दांड्या रिकाम्या का, तेव्हा तो सिंहासनावर ताठ बसून सांगे, "त्यांवर बसणारे पक्षी माझ्या राज्यात मोकळे आहेत."

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवंतांनी, जेतवन विहारात सांगितली ती सुगुत्त नावाच्या एका भिक्खूमुळे. सुगुत्त विहाराच्या बागेची देखभाल करी. बागेत मधमाश्यांची सात पोळी होती आणि ती त्याने जिवापाड राखली होती. एका पाहुण्यापुढे त्याने कौतुकाने ती दाखवली, आणि दोन दिवसांनी त्या पाहुण्याने येऊन सातही पोळी जाळून मध नेला. तेव्हापासून सुगुत्त कोणाशी बोलेना, सभेत शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसे. आपल्यासारख्याने चीवर उतरवून संघ सोडून जावे हेच बरे, असे त्याने सोबत्यांना सांगितले होते.

कथा संपल्यावर शास्त्याने जन्मांची ओळख पटवली. "तेव्हाचा राजा विजितसेन म्हणजे ज्याने ही बाग आपल्याला दान केली तो गृहपती. सोणदत्त म्हणजे पोळी जाळणारा पाहुणा. त्याच्याबद्दल मनात राग धरू नका, त्याला अजून कडे जडच आहे. म्हातारा तांडेल म्हणजे आपला द्वारपाल स्थविर. सुवेणी म्हणजे भिक्खुणी खेमंकरा. त्या बहात्तरांतले बाकीचे पक्षी म्हणजे तुम्ही, इथे जमलेला संघ. पोपटांचा मुखिया मी होतो."

मग ते थांबले. सगळ्यांच्या लक्षात आले की एक नाव राहिले आहे.

"आणि सुतार सालक म्हणजे सुगुत्त. सुगुत्ता, बोलण्याच्या भरात घर दाखवून बसलास ही तुझी पहिली वेळ नाही. पण त्यानंतर तू काय केलंस ते या संघाला माहीत नव्हतं, तुलाही आठवत नव्हतं, म्हणून सांगितलं. ज्याने राजापुढे मान खाली घातली नाही, त्याने ती इथे का घालावी? पुढे येऊन बस."

सुगुत्त उठला. भिक्खूंनी सरकून त्याला वाट करून दिली, आणि तो पहिल्या रांगेत येऊन ताठ बसला. तेव्हा शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, दोरी सुटली तरी दिलेल्या शब्दाजवळ थांबणे, आणि एकदा चुकल्यावरही दुसऱ्यांदा खऱ्याच्या बाजूला उभे राहणे, याला अधिष्ठान म्हणतात. ही अधिष्ठानाची कथा आहे."